पाठीवरचं बिऱ्हाड

इंदूरच्या एम.वाय. या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या कुंपणाला लागून, सरवटे बसस्थानकाच्या आसपास, स्टेशनसमोरच्या बंद दुकानांच्या पायऱ्यांवर रात्री अकरानंतर जी माणसं आडवी होतात, त्यांच्या उशाशी एक गाठोडं असतं. बाहेरून सिमेंटच्या रिकाम्या पोत्याची गवसणी, तोंडाला सुतळी. आत एक जोड कपडे, एक चादर, पावसाळ्यासाठी बरसातीचा तुकडा, ॲल्युमिनियमचं पातेलं, ताटली, काडेपेटी, मोबाइलचा चार्जर. आणि या सगळ्याच्या पोटात, दोन-तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांमध्ये एकात एक गुंडाळलेले कागद: आधार कार्ड, हॉस्पिटलची चिठ्ठी, चालू गोळ्यांची पट्टी, कधी एखाद्या मुलाचा फोटो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असं आपण सहज म्हणून जातो. हे ते बिऱ्हाड.

त्याचं वजन सात-आठ किलोच्या पुढे जात नाही, पण माणसाचा सगळा दिवस त्याच्याभोवती फिरतो. मजूर चौकात उभं राहायचं तर गाठोडं बरोबर नेता येत नाही. गाठोडं घेऊन आलेल्या माणसाला ठेकेदार घेत नाही, कारण हा संध्याकाळी निघून जाईल असं त्याला वाटतं. मागे ठेवलं तर चोरीला जातं किंवा सकाळची कचरागाडी उचलून नेते. म्हणून नवरा-बायको दोघं असतील तर एक कामाला जातो, दुसरा सामान राखत बसतो. दोन माणसं, एकाचीच मजुरी. एकटा माणूस असेल तर पानवाल्याला रोज दहा-वीस रुपये देऊन त्याच्या टपरीमागे ते ठेवतो.

आणि गाठोडं गेलं की आतले कागद जातात. विटा, सिमेंट, भांडी घासायची पावडर यांवर वर्षानुवर्षं हात झिजलेल्या माणसाचे बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, आधारला जोडलेला मोबाइल नंबर तीन सिमकार्डांपूर्वीचा असतो. अशा वेळी आधार केंद्रावर बुबुळांची ओळख घेऊन शोध घ्या असं आवर्जून सांगावं लागतं, नाहीतर माणूस चार वेळा परत पाठवला जातो. क्षयरोगाच्या गोळ्या गेल्या आणि आठवडाभर खंड पडला, तर त्याची किंमत औषध न जुमानणाऱ्या जंतूंच्या रूपात मोजावी लागू शकते. फुटपाथ मोकळा करणाऱ्या पथकाला ते पोतं कचऱ्यासारखं दिसतं, हे समजू शकतं. पण उचलण्याआधी ते उघडून आतले कागद आणि औषधं बाजूला काढायला दोन मिनिटं लागतात. तेवढं व्हायलाच हवं. गोळा केलेलं सामान महापालिकेच्या झोन ऑफिसात निदान पंधरा दिवस ठेवावं आणि कुठं ठेवलंय ते त्या भिंतीवर खडूनं लिहावं. याला वेगळं बजेट लागत नाही.

रैनबसेरा, म्हणजे बेघरांचा रात्रनिवारा, चालतो की नाही, हे त्यात खाटा किती यावरून कळत नाही. खाटेखाली कुलूपबंद पेटी आहे का यावरून कळतं. पत्र्याची, साधारण दोन फूट लांब, दीड फूट रुंद, फूटभर उंच, खाटेच्या पायाला बोल्टनं आवळलेली. कुलूप माणसाचं स्वतःचं. चावी व्यवस्थापकाकडे ठेवली की विश्वास संपला. जिथं अशी पेटी आहे तिथं माणूस सकाळी मोकळ्या हातांनी कामावर जातो आणि रात्री परत येतो, कारण त्याचं बिऱ्हाड तिथं आहे.

शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानानं जे निकष ठरवले ते चांगले आहेत. एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक निवारा, बारा महिने, चोवीस तास उघडा. माणशी किमान ५० चौरस फूट जागा, म्हणजे पन्नास जणांना अडीच हजार चौरस फूट. देखरेखीला आठ-आठ तासांच्या पाळीत किमान तीन माणसं. जागा बेघर लोक जिथं जमतात आणि जिथं कामाला जातात त्याच्या जवळ. २०११ च्या जनगणनेत इंदूरची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास होती. त्या हिशेबानं तेव्हाच शंभर-शंभरांचे वीस निवारे हवे होते, आणि शहर तेव्हापासून कुठल्या कुठे पसरलंय.

निकषांतला ‘चोवीस तास’ हा शब्द सगळ्यात आधी मोडतो. रात्री दहाला दार बंद करण्याची सवय लागते, शिस्तीच्या नावाखाली. सराफा बाजारातली रात्रीची चाट-मिठाईची दुकानं मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालू असतात. तिथं कढया घासणारी, टेबलं उचलणारी मुलं दोन-अडीचला मोकळी होतात. लग्नसराईत वाढपी आणि बँडबरोबर डोक्यावर दिवे धरणारे त्याहून उशिरा. उलट, भंगार वेचणारी बाई पहाटे चारला निघते आणि दुपारी बाराला तिला झोप हवी असते, तेव्हा निवाऱ्यात ‘सफाई चालू आहे, बाहेर बसा’ असं ऐकायला मिळतं. ज्याच्यासाठी निवारा बांधला त्याच्याच वेळेला तो बंद, मग खाटा रिकाम्या दिसतात आणि कागदावर ‘मागणी नाही’ अशी नोंद होते. त्या नोंदीवर पुढच्या वर्षीचा पैसा कापला जातो.

दुसरं कारण ढेकूण. हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नाही. रात्रभर अंग खाजवत काढण्यापेक्षा माणूस उघड्यावर झोपणं पसंत करतो. लाकडी खाटा आणि कापसाच्या गाद्या घेतल्या की ढेकूण ठरलेले. लोखंडी नळीची खाट, नळीची तोंडं वेल्डिंगनं बंद, भिंतीपासून वीतभर दूर. गादी फोमची, रेग्झिनच्या शिवणबंद खोळीत. प्लास्टरमधल्या भेगा आणि प्लगच्या मागची पोकळी भरून घ्यायची. मे महिन्यात माळव्यातलं ऊन चांगलं कामाला येतं: चादरी काळ्या प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधून दिवसभर गच्चीवर ठेवल्या की आतल्या उष्णतेनं बरेच ढेकूण मरतात. औषध फवारणी एकदा करून भागत नाही; अंडी वाचतात, म्हणून दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा.

खरजेचंही तसंच आहे. एकाला मलम दिलं आणि बाकी खोली तशीच सोडली तर पंधरवड्यात सगळ्यांना. पाच टक्के परमेथ्रिनचं मलम गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत, बोटांच्या बेचक्यांसकट, एकाच रात्री खोलीतल्या सगळ्यांनी लावायचं, सकाळी अंघोळ, आठवड्यानं पुन्हा. कपडे-चादरी गरम पाण्यात, किंवा गरम पाणी नसेल तर प्लॅस्टिकमध्ये आठवडाभर बंद. एका दिवशी पन्नास जणांच्या चादरी धुवायच्या तर चादरींचे दोन संच हवेत आणि वाळत घालायला दोरी हवी. निविदेत चादरी पन्नासच धरलेल्या असतात. तिथून सगळं बिघडतं.

प्यायलेला माणूस दारात आला तर काय करायचं, यावर प्रत्येक निवाऱ्यात वाद होतो. माझं मत स्पष्ट आहे: बाटली बाहेर, माणूस आत. थंडीत दारूनं अंगाला ऊब आल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि शरीराची उष्णता भराभर निघून जाते. अशा माणसाला जानेवारीत बाहेर ठेवणं जिवावर बेतू शकतं. उलट, रोज पिणाऱ्याची दारू निवाऱ्यानं एकदम तोडली तर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात आणि दोन दिवसांच्या आत झटके येऊ शकतात. थरथर, घाम, भास दिसले की सरळ हॉस्पिटल. ‘उतरेल आपोआप’ म्हणून झोपवून ठेवू नये.

थंडीचा विषय निघालाच आहे तर घोंगड्यांबद्दल. डिसेंबर-जानेवारीत शहरात कांबळवाटप जोरात असतं, आणि देणाऱ्यांच्या मनात खरी कळकळ असते. पण उघड्यावर झोपणाऱ्याची उष्णता वरून जाते त्याहून जास्त खालून जाते. फरशी आणि सिमेंट ती ओढून घेतात. अंगावर दोन कांबळी आणि पाठीखाली काहीच नाही, तर माणूस रात्रभर कुडकुडतो. आधी खाली पुठ्ठ्याचे तीन-चार थर किंवा फोमची पातळ चटई, तिच्यावर गोणपाट, मग एक कांबळं. एवढ्यानं काम होतं. दुसरं, एकाच भिंतीपाशी आठवड्यात पाच गाड्या येतात आणि प्रत्येक गाडी एक कांबळं देते. पाच कांबळी पाठीवर वाहता येत नाहीत, चार विकली जातात, आणि मग देणारा दुखावतो. त्यापेक्षा जानेवारीत चटई, मार्चमध्ये मच्छरदाणी, जूनमध्ये आठ बाय सहाची ताडपत्री आणि दोन मीटर दोरी, असं वर्षभर वाटून दिलं तर ते खरोखर वापरात येतं.

बायकांबद्दल थोडं सावकाश लिहायला हवं. रात्रीच्या मोजणीत त्या फार कमी दिसतात. जनगणनेत बेघरांची मोजणी एका रात्रीत उरकतात. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि देशात १७.७ लाख बेघर नोंदले गेले. एकटी बाई मात्र रात्री फुटपाथवर आडवी होतच नाही. ती हॉस्पिटलच्या उजेडात, कुठल्यातरी रुग्णाची नातेवाईक असल्यासारखी बसून रात्र काढते, नाहीतर स्टेशनच्या बाकावर, आणि झोपते दुपारी, देवळाच्या आवारात. ज्यांना खरी मोजणी करायची आहे त्यांनी रात्री अकरा ते चार एक फेरी, दुपारी दोन ते चार दुसरी, आणि तीही वेगवेगळ्या दोन आठवड्यांत करावी. दोघादोघांनी जावं, टॉर्च तोंडावर मारू नये, उठवू नये, फोटो काढू नये. पावसाळ्यात आणि थंडीत झोपायच्या जागा बदलतात. मेमध्ये काढलेला नकाशा ऑगस्टमध्ये निरुपयोगी.

बायकांच्या निवाऱ्यात दहा-बारा वर्षांपुढच्या मुलाला ठेवत नाहीत, पुरुषांच्या निवाऱ्यात एकट्या पोराला पाठवायला आई तयार नसते. म्हणून ती बाहेर राहते. नवरा-बायको-मुलं असं कुटुंब तर कुठंच बसत नाही. कुटुंबांसाठी वेगळा निवारा निकषांत आहे, बांधला जातो फार क्वचित. त्याला मोठं काही लागत नाही: दहा बाय दहाच्या प्लायवूडच्या आडभिंती छतापर्यंत, आतून कडी, सामायिक चूल बाहेर. शाळेचं काम सोपं आहे: शिक्षण हक्क कायद्यानं जन्मदाखला नाही म्हणून किंवा वर्षाच्या मध्येच आलात म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. निवाऱ्याच्या कर्मचाऱ्यानं एकदा मुलाचा हात धरून मुख्याध्यापकांसमोर उभं राहायला हवं.

मनानं आजारी असलेल्या माणसाचं काय करायचं, हे बहुतेकांना माहीत नसतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे, भटकणारा आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस दिसला तर त्याला संरक्षणात घेणं हे ठाणेदाराचं कर्तव्य आहे. त्याला चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत तपासणीसाठी न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही, आणि तो बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून कुटुंबाचा शोध घ्यायचा. बेघराला उपचार मोफत, दारिद्र्यरेषेचं कार्ड असो वा नसो. आपल्याकडे बाणगंगेचं मानसिक रुग्णालय आहे, एम.वाय. आहे. ठाण्यावर जाताना कलमाचा क्रमांक कागदावर लिहून न्यावा, अर्जाची पोच घ्यावी. काम पुढे सरकतं.

२९ जानेवारी २०२१ ला याच शहरात महापालिकेच्या गाडीतून म्हाताऱ्या बेघर माणसांना सामानासकट शहराबाहेर क्षिप्रा गावाजवळ रस्त्याकडेला उतरवण्यात आलं. गावकऱ्यांनी हटकलं, मोबाइलवर चित्रण केलं, मग त्यांना परत आणलं गेलं. उपायुक्त निलंबित झाले. स्वच्छ सर्वेक्षणात सलग पहिलं येणाऱ्या शहराला त्या चित्रणानं मान खाली घालायला लावली. ती घालावीच. पण मला त्यात दिसते ती अंतराची गोष्ट. गरीब माणसाची अडचण झाली की त्याला लांब नेऊन ठेवायचं. म्हाताऱ्यांना त्या दिवशी गाडीत घालून नेलं. वस्त्यांना पुनर्वसनाच्या नावाखाली वर्षानुवर्षं असंच लांब हलवलं जातंय, फक्त तिथं पत्र्याऐवजी पक्कं छत मिळतं.

छताचा हिशेब करून बघू. समजा, शहराच्या टोकाला एका मल्टीत, म्हणजे बहुमजली इमारतीत, फ्लॅट मिळाला आणि अनुदान वजा जाता दोन लाख रुपये स्वतः भरायचे आहेत. नऊ टक्के व्याजानं पंधरा वर्षांचं कर्ज घेतलं तर महिन्याचा हप्ता सुमारे २,०३० रुपये. परवडेल असं वाटतं. आता घरातले दोघं कमावते आहेत आणि काम जुन्या शहरात आहे. एका फेरीचे वीस रुपये धरले तर जाऊन-येऊन दोघांचे ऐंशी, महिन्याचे सव्वीस दिवस: २,०८० रुपये. म्हणजे अंतराचा हप्ता कर्जाच्या हप्त्याइतकाच, आणि तो पंधरा वर्षांनी संपत नाही. त्यावर मल्टीचा देखभाल खर्च, पाण्याच्या मोटारीचं बिल. धुणीभांडी करणारी बाई पूर्वी सकाळी चार घरं करायची, आता बस मिळेपर्यंत दोनच होतात. लिफ्ट बंद पडली की चौथ्या मजल्यावरची म्हातारी खाली उतरत नाही. वर्षभरात फ्लॅट भाड्यानं दिला किंवा विकला जातो आणि कुटुंब परत जुन्या वस्तीजवळ खोली घेतं. मग ‘यांना घरं दिली तरी विकतात’ असं लोक बोलतात. विकतात, कारण तिथून पोट भरत नाही.

म्हणून स्वस्त घर त्याच्या किमतीवरून ठरवू नये, तिथून कामापर्यंत चालत जाता येतं का, ते बघावं. आणि चालत जाण्याच्या अंतरावरची घरं नव्यानं बांधायला जमीनच नाही. जी आहेत तीच राखायची आहेत.

इंदूरच्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. रामबाग, नारायणबाग, इमली बाजार, कृष्णपुरा या भागांतल्या वाड्यांत एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड असायचं. मालक पुढच्या खणात, मागच्या चौकाभोवती आठ-दहा बिऱ्हाडकरू, सामायिक नळ, सामायिक संडास. कारकून, मास्तर, भिक्षुक, गिरणीतला जॉबर, डबे करणारी विधवा, सगळे राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. या खोल्यांना कुठल्याही योजनेनं कधी ‘परवडणारी घरं’ म्हटलं नाही, पण शहरातली सगळ्यात परवडणारी घरं तीच होती. एक वाडा पडतो, जागी मल्टी उभी राहते, त्यात आठ फ्लॅट आणि खाली चार दुकानं. आत येतात ते लोक वेगळे. जुन्या दहा बिऱ्हाडांपैकी कोण कुठं गेलं याची नोंद कुणी ठेवत नाही.

१९१८ मध्ये पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकारानं होळकर दरबाराला इंदूरबद्दल जो अहवाल दिला, त्याचा रोख जुन्या वस्त्या सरसकट पाडण्याकडे नव्हता. तो गल्ल्या पायी हिंडायचा, कुठलं एखादं पडकं घर काढलं तर हवा-उजेड येईल, ते बघायचा, बाकीची वस्ती जागेवर ठेवायची अशी त्याची पद्धत. शंभर वर्षं उलटली तरी याहून शहाणा उपाय मला माहीत नाही.

पण जुनं ते राखायचं म्हणजे दुरुस्तीविना राखायचं नव्हे. ३१ मार्च २०१८ च्या रात्री सरवटेजवळची जुनी इमारत कोसळून दहा माणसं गेली. वाड्यात धोका कुठं असतो तो बघायला शिकावं. तुळईचा मधला भाग बहुधा ठणठणीत असतो. कुजतं ते भिंतीत रुतलेलं टोक, कारण तिथं ओल मुरते आणि हवा लागत नाही. पेचकस घेऊन भिंतीलगत तुळईत टोचावा. बोटभर आत गेला तर लाकूड गेलं. त्या खोलीत आधी टेकू द्यायचा, मग टोक कापून नवा तुकडा किंवा लोखंडी आधार बसवायचा. पाणी शिरतं ते धाब्याच्या कठड्याच्या सांध्यातून आणि न्हाणीच्या फुटक्या पन्हळातून. चुन्या-मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर लावणं ही सगळ्यात मोठी चूक. ओल आत कोंडते, भिंत आतून भुसभुशीत होते, बाहेरून मात्र नवी दिसते. कठड्यात उगवलेला पिंपळ नुसता तोडून चालत नाही, मुळासकट काढून भेग चुन्यानं भरायची. ही कामं एका उन्हाळ्यात होतात. मालक करत नाही कारण भाडं नाममात्र आणि इमारत जर्जर ठरली तर फायदा त्याचाच. भाडेकरू करत नाही कारण घर त्याचं नाही. दोघांच्या मध्ये छत कुजतं. खर्चाची विभागणी लेखी करून भाडं थोडं वाढवून देणं, हा त्यातला व्यवहार्य मार्ग आहे, आणि भाडेकरूंनी भाडेवाढीला सरसकट नकार देऊ नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

भाडेकरूनं जपायच्या गोष्टी थोड्याच आहेत. भाड्याची पावती दरमहा. मालक घेत नसेल तर मनीऑर्डर, आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा येऊन परतलेली पावती जपून. दावा उभा राहिला तर भाडं वेळेवर कोर्टात भरणं. तिथं एक महिना चुकला की बाजू लंगडी पडते. मध्य प्रदेशच्या १९६१ च्या स्थान नियंत्रण कायद्यात, दुरुस्ती किंवा पुनर्बांधणीसाठी घर खाली करवून घेताना ‘तुला परत इथं जागा हवी का’ असं भाडेकरूला विचारण्याची तरतूद आहे. बहुतेकांना ती ठाऊक नसते. घाबरून चार पैसे घेऊन सही करतात. महापालिकेची जर्जर इमारतीची नोटीस आली तर तिच्यावर लेखी उत्तर देऊन इंजिनिअरच्या तपासणीचा अहवाल मागावा.

वस्तीतल्या भाडेकरूची अवस्था आणखी नाजूक. मध्य प्रदेशात १९८४ च्या कायद्यानं शहरातल्या भूमिहीनांना ते राहत होते त्या जमिनीचे, ५० चौरस मीटरपर्यंतचे पट्टे, म्हणजे भाडेपट्ट्याचे हक्क, मिळाले. देशात त्या काळी हे फार मोठं पाऊल होतं. पण पट्टा मिळाला झोपडी ज्याची त्याला. मागच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्याचं नाव सर्व्हेत येत नाही. वस्ती हलवली की त्याला ना फ्लॅट, ना भरपाई, सरळ रस्ता. अंगणवाडीचं रजिस्टर, मुलाचं लसीकरण कार्ड, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, हेच त्याचे पुरावे, आणि ते सर्व्हेवाला येण्याआधी हाताशी हवेत.

रस्त्यावर येण्याची वाट बहुधा एकच असते. कमावता आजारी पडतो, दोन महिन्यांचं भाडं थकतं, अनामत त्यात जिरते, तिसऱ्या महिन्यात सामान बाहेर. तीन हजारांची खोली असेल तर सहा हजारांत ते कुटुंब जागेवर राहिलं असतं. ज्या मंडळांना, ट्रस्टना काही करायचं आहे त्यांनी हा एक निधी काढावा: भाडं थेट मालकाला, पावती भाडेकरूच्या नावानं, जास्तीत जास्त तीन महिने, आणि अर्जावर निर्णय आठवड्याच्या आत. उशीर झाला की उपयोग नाही.

नवीन बांधायचंच असेल तर डोळ्यांसमोर इंदूरची ‘अरण्य’ वसाहत असावी. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी १९८३ च्या सुमारास इंदूर विकास प्राधिकरणासाठी आखलेली ही ८५ हेक्टरांची वसाहत, साधारण साडेसहा हजार भूखंड, त्यातले पासष्ट टक्के सगळ्यात गरीब थरासाठी. छोट्या भूखंडाचं माप ३५ चौरस मीटर. घर बांधून दिलंच नाही. जोतं दिलं, संडास आणि पाण्याचा नळ दिला, ज्याला परवडेल त्याला एक खोली. पुढचं ज्यानं त्यानं, पैसे येतील तसं बांधायचं. दाराशी अर्धा मीटर पट्टी ओट्यासाठी सोडली, कारण आपल्याकडे घराचं निम्मं जगणं ओट्यावर होतं: भाजी निवडणं, शिलाई मशीन, पोरांचा अभ्यास. महामार्गालगतचे मोठे भूखंड आणि दुकानांच्या जागा चढ्या भावानं विकून तो पैसा छोट्या भूखंडांची किंमत उतरवायला वापरला. श्रीमंत आणि गरीब एकाच आराखड्यात.

तेव्हा ती जागा शहरापासून सहा किलोमीटर होती. आज विजयनगरच्या शेजारी, शहराच्या पोटात आहे. आणि इथंच तिचं दुखणं. जमिनीचा भाव चढला, कित्येक छोटे भूखंड विकले गेले, दोन-दोन जोडून एक मोठं घर उभं राहिलं. मूळ माणसाला पैसे मिळाले, तो हक्काचा व्यवहार होता, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण शहराच्या हातून एक स्वस्त घर गेलं ते परत आलं नाही. पुढच्या वेळी जमीन भाडेपट्ट्यावर ठेवून, विकताना ती आधी प्राधिकरणाला ठरलेल्या भावानं देण्याची अट घालावी. आणि काही भूखंडांवर फक्त भाड्याच्या खोल्या असाव्यात, न विकता येणाऱ्या. नव्या कॉलन्यांत गरिबांसाठी हिस्सा राखायचा किंवा त्याऐवजी आश्रय शुल्क भरायचं, असा पर्याय विकसकाला असतो. शुल्क भरलं की ती जागा गेली. पैसा पुढे लांब कुठंतरी खर्च होतो. माझ्या मते शहराच्या आतल्या कॉलन्यांना हा पर्याय असूच नये.

राहता राहिले कागद. रेशनसाठी मध्य प्रदेशात समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा ओळख क्रमांक, लागतो, कुटुंबाचा आठ अंकी, माणसाचा नऊ अंकी. तो झोन ऑफिसात होतो, पण पत्ता विचारतात. आधारसाठी मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखानं ठरावीक नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं. म्हणून निवाऱ्याच्या कपाटात त्या नमुन्याच्या वीस-पंचवीस प्रती नेहमी छापून ठेवाव्यात. आधी आधार, मग समग्र, मग बँकेचं शून्य शिलकीचं खातं, मग रेशन आणि पेन्शन. क्रम चुकला तर माणूस महिनाभर एका खिडकीवरून दुसरीकडे फिरतो.

मतदार यादीची पद्धत मात्र वेगळी आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. बेघर माणसानं फॉर्म ६ वर झोपायची जागा लिहायची: अमक्या दुकानाची पायरी, तमक्या पुलाखालचा तिसरा खांब. पत्त्याचा कुठलाही कागद जोडावा लागत नाही. त्याऐवजी बूथचा अधिकारी रात्री स्वतः त्या जागी येतो आणि हा माणूस खरंच इथं झोपतो का ते बघतो. एका रात्रीवर भागत नाही, त्याला आणखी एकदा रात्री यावं लागतं. दोन्ही वेळा माणूस तिथं दिसला की नाव यादीत चढतं. म्हणून अर्ज भरून देणाऱ्यानं एवढं करावं: झोन ऑफिसात तारीख कळवून ठेवावी की या आठवड्यात या भिंतीपाशी पथक पाठवू नका, आणि माणसाला सांगावं की पहिली खेप आणि दुसरी खेप यांच्या मधल्या रात्री जागा बदलू नकोस. पाऊस आला तरी वळचणीला सरक, पण गाठोडं तिथंच असू दे.